निगुडलं

‘पद्मजा मगदूम ही माझी सर्वांत कष्टाळू विद्यार्थिनी,’ माझे मार्गदर्शक निगुडकर सर उभे राहून म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

शेवटच्या रांगेत आप्पांनीही टाळ्या वाजवल्या. आप्पा म्हणजे माझे वडील. पहिल्या एसटीने गावाहून आले होते, धुवट धोतर नेसून, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. कॉलेजच्या इमारतीत त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं. लेकीची परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं, हे कळल्यावर ते हट्टाने आले होते.

कृष्णाकाठच्या आमच्या शहरातलं ते कॉलेज, आणि ती माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. तत्त्वज्ञान विभागात हंगामी म्हणून मी बरीच वर्षं शिकवत होते. विभागातली एक कायम जागा रिकामी झाली होती आणि पदवी हातात पडली की ती मला मिळणार, असं सगळेच धरून चालले होते.

परीक्षा छान झाली होती. धारवाडहून आलेले परीक्षक डॉ. हेब्बार चष्म्यावरून बघत प्रश्न विचारत होते, आणि मला उत्तरं सुचत होती.

‘मला एक सांगा,’ ते म्हणाले होते, ‘माकडाचा माणूस कसा झाला हा प्राणिशास्त्राचा विषय. शब्दाला अर्थ कसा येतो हा आमचा विषय. या दोघांची गाठ तुम्ही का घालता?’

‘मी घातली नाही, सर. अमेरिकेतल्या फलप्रामाण्यवाद्यांनी घातली, विचाराची किंमत त्याच्या परिणामावरून ठरवणाऱ्यांनी,’ मी म्हटलं. ‘उत्क्रांतीचा सिद्धांत आला तेव्हा त्यांना प्रश्न पडला, की डोळा आणि हात जर जगता जगता घडले, तर भाषा तरी आभाळातून तयार कशी पडेल? तीही जगण्याच्या कामातच घडली असणार. एक पाखरू ओरडतं आणि सगळा थवा उडतो. त्या ओरडण्याचा अर्थ त्या उडण्यात असतो. शब्दाने पुढे काय घडतं तो त्याचा अर्थ. जो शब्द काही घडवत नाही तो मरतो. जो उपयोगी पडतो तो टिकतो, आणि टिकता टिकता बदलतो.’

‘उदाहरण?’

‘मुलगी बघायला आलेली मंडळी निघताना म्हणतात, कळवतो. कोशात त्याचा अर्थ निरोप देतो असा आहे. पण ते ऐकून मुलीचा बाप दुसरं स्थळ शोधायला लागतो. खरा अर्थ तो.’

हेब्बार खळखळून हसले. मागे आप्पाही हसले. माझ्यासाठी स्थळं बघताना हा शब्द त्यांनी पुष्कळ ऐकला होता. निगुडकर सरही हसले, आणि त्यानंतर दोन शब्द बोलायला उठले.

सर देखणे होते. आवाज असा, की माइक नसला तरी शेवटच्या बाकापर्यंत जावा. शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य असतं, माणसाने ते घडवलेलं नसतं, हे त्यांचं मत. पण माझ्या विषयाला त्यांनी कधी आडकाठी केली नव्हती. माझं प्रत्येक प्रकरण ‘उत्तम, पुढे चला’ म्हणून त्यांनी परत केलं होतं.

‘शेतकऱ्याच्या घरातून येऊन तिने इथवर मजल मारली,’ सर म्हणाले. ‘तिच्या वडिलांचं मी विशेष अभिनंदन करतो. उभे राहा ना, मगदूम.’

आप्पा टोपी घालून उभे राहिले, हात जोडले आणि बसले.

‘आणि म्हणूनच,’ सरांचा आवाज आणखी मऊ झाला, ‘मला जड मनाने सांगितलं पाहिजे, की हा प्रबंध तत्त्वज्ञानाचा नाही. याच्यात शब्द जोंधळ्यासारखे उगवतात आणि मरतात. कृषी महाविद्यालयात तो शोभला असता.’ थोडं हसू झालं. ‘मी सही केली ती या मुलीच्या मायेपोटी. पण परीक्षकांसमोर, आणि ज्ञानासमोर, मला माया बाजूला ठेवावी लागते. मार्गदर्शक म्हणून हा प्रबंध मान्य करावा असं मी म्हणू शकत नाही. घाई नको. पद्मजा कष्टाळू आहे, ती पुन्हा लिहील.’ आणि माझ्याकडे बघून त्यांनी प्रेमाने मान हलवली.

हेब्बार गोंधळले. मार्गदर्शकच हात काढून घेतोय म्हटल्यावर परक्या गावच्या परीक्षकाने काय करावं? त्यांनी कागद गोळा केले, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘ठीक आहे. विद्यापीठाला कळवतो.’

बाहेर आवारात आप्पा माझी वाट बघत होते. चेहरा फुललेला.

‘सरांनी लई कौतुक केलं की गं! मला हुबं केलं, बघितलंस न्हवं?’

‘आप्पा, परीक्षेत नापास झाले मी.’

‘ती कशी? त्यो माणूस तर किती चांगलं बोलत हुता.’

मी तोंड उघडलं आणि मला शब्दच मिळेना. फसवलं म्हणावं, तर त्यांनी विचारलं असतं, काय घेतलं तुझं? अपमान केला म्हणावं, तर आप्पांनी स्वतःच्या कानांनी कौतुक ऐकलं होतं. दगा, घात, सगळे शब्द जिभेपर्यंत आले आणि त्या मऊ आवाजावरून घसरून पडले. मी आप्पांना एसटीत बसवलं. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून म्हणाले, ‘सरांना माझा नमस्कार सांग.’

पुढच्या सत्रात ती कायम जागा भरली गेली. अनघा निगुडकर. सरांची सून. नुकतीच पदवी घेऊन पुण्याहून आली होती.

मी तेव्हा रुक्साना मुजावरबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होते. रुक्साना आमच्याच कॉलेजात खेळाची शिक्षिका, मुलींच्या व्हॉलीबॉल टीमला घडवायची. नेमणुकीची बातमी आली त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि ती भिंतीवर चेंडू आपटत होती.

‘रडतीस कशाला? शिवी दे त्याला.’

‘शिवी पुरत नाही गं. आधी डोक्यावरनं हात फिरवायचा, चार लोकांत मोठं करायचं, आणि त्याच हाताने मान खुडायची. ह्याला काय म्हणतात मराठीत? एक तरी शब्द सांग.’

रुक्सानाने चेंडू धरला. ‘निगुडकरलं म्हण. त्यानं तुला निगुडकरलं.’

‘एवढं लांबडं कोण बोलणार?’

‘मग निगुडलं म्हण.’

मी उठून बसले. ‘पुन्हा म्हण.’

‘निगुडलं. पद्माक्काला निगुडलं.’

तो शब्द खोलीत असा ऐकू आला जणू आजीच्या तोंडून आलाय. खुडणं, मुरडणं, निवडणं यांच्या नात्यातला वाटत होता. कुणी मुद्दाम बनवलाय असं वाटतच नव्हतं. शिवाय त्याची गरज होती. ती गरज मी स्वतः आवारात आप्पांसमोर भोगली होती.

‘रुक्साना,’ मी म्हटलं, ‘हा शब्द आपण जगवायचा.’

‘म्हंजे?’

‘म्हणजे गावाच्या तोंडी घालायचा. निगुडकरांचं नाव कुठे घ्यायचं नाही. अर्थ कुणाला समजावायचा नाही. जिथे बसतो तिथे वापरायचा आणि पुढे जायचं. कुणी विचारलंच, तर म्हणायचं, अगं, निगुडणं माहीत नाही तुला?’

‘त्यानं काय हुईल?’

‘माझा प्रबंध खोटा असेल तर काही होणार नाही. खरा असेल तर तो माणूस मरेपर्यंत हा शब्द ऐकेल.’

रुक्सानाचे डोळे चमकले. तिला सामना कळायचा.

पहिले प्रयत्न फसले. स्टाफरूममध्ये मी तो वापरला; प्राध्यापकांनी ऐकून सोडून दिला. कॉलेजच्या भित्तिपत्रकात एका लेखात घातला. संपादक मुलाने ती चूक समजून ‘निवडलं’ करून टाकलं. मी खचले नाही. पेरलेलं सगळंच कुठे उगवतं? जागा बदलून बघायची.

जागा रुक्सानानेच काढली. तिच्या टीममध्ये चेंडू उचलून देणारी एक मुलगी होती, फार हुशार. जोरदार फटक्यासाठी चेंडू वर उचलून देते असं दाखवायची, समोरच्या सगळ्या पोरी उडी मारायला तयार व्हायच्या, आणि ही अलगद बोटांनी चेंडू जाळीपलीकडे सोडून द्यायची. ती तसं करायला लागली की रुक्साना मैदानाबाहेरून ओरडायची, ‘निगुड त्यांना, निगुड!’

त्या डावाला नावच नव्हतं, ते मिळालं. जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या पोरी जिंकल्या आणि हरलेल्या कॉलेजांच्या पोरी तो शब्द आपापल्या गावी घेऊन गेल्या. हरलेल्यांनाच त्याची जास्त गरज होती.

मग तो मैदानातून बाहेर पडला. वसतिगृहाच्या मुली मेसमध्ये म्हणायला लागल्या. रोज गोड हसणाऱ्या मुलाने दुसरीशी साखरपुडा केला, की तो निगुडणारा. पेपरातले पहिले प्रश्न सोपे आणि पुढचे अवघड, की पेपरने निगुडलं. हे मी कधी योजलं नव्हतं. शब्द आपल्या पायांनी चालायला लागला होता. एका सकाळी मंडईत कांदे निवडताना भाजीवालीच मला म्हणाली, ‘वरचंच बघून घिऊ नका बाई, ह्ये कांदं निगुडत्यात. आत बघा.’ मी पिशवी तिथेच ठेवून बाजूला गेले आणि खांबाला टेकून हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

मी तोवर कॉलेज सोडून हायस्कुलात शिकवायला लागले होते. प्रबंध पुन्हा सादर केला नाही. निगुडकर सर मोठे होत होते. व्याख्यानं, समित्या, हारतुरे. वर्तमानपत्रात फोटो दिसला की रुक्साना विचारायची, ‘अजून कानावर गेला न्हाई व्हय त्याच्या?’ मी म्हणायचे, ‘जाऊ दे सावकाश.’

एकदा गावी गेले होते. आमच्या गावात जैन बस्ती आहे, म्हणजे आमचं देऊळ. तिच्या कमिटीत आप्पांनी उभं आयुष्य घालवलं होतं. त्या दिवशी ते सोप्यात खाली मान घालून बसले होते.

‘काय झालं आप्पा?’

‘आण्णा पाटलानं सगळ्यांम्होरं मला हार घातला. म्हनला, यांच्यासारखा मानूस हुनं न्हाई. आन् हार गळ्यात असतानाच सांगितलं, आता इसावा घ्या, तुमच्या जागी माझा भाचा बसल.’ त्यांनी सुस्कारा टाकला. ‘निगुडलं बघ मला.’

हा शब्द त्यांना मी कधीच सांगितला नव्हता. तो कुठून कुठून फिरत माझ्याआधी त्या घरात पोचला होता.

आप्पा एकदम माझ्याकडे वळले.

‘पद्मा, त्या दिशी कालेजात... मला हुबं केलं आन् मी हात जोडलं... तवा त्या सरानं तुला निगुडलं हुतं व्हय गं?’

‘व्हय आप्पा.’

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात चुरगाळत राहिले. ‘आन् मी टाळ्या वाजवल्या,’ ते म्हणाले. पुढच्या वर्षी ते गेले. आप्पांशी हे बोलणं होईपर्यंत निगुडकर सरांच्या बाबतीत माझा राग थोडा निवला होता, असं मला वाटत असे. सोप्यातल्या त्या संध्याकाळनंतर तो पुन्हा लालभडक झाला.

निगुडकर सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने मोठा सत्कार केला. जुनी विद्यार्थिनी म्हणून मलाही बोलावणं आलं. मी रुक्सानाला घेऊन गेले आणि मधल्या रांगेत बसले.

संस्थेचे अध्यक्ष जयसिंगराव भाषणाला उठले. गडी रांगडा, मैदानी. ‘निगुडकर सरांसारखी माणसं आता मिळत नाहीत,’ त्यांनी सुरुवात केली. सरांची विद्वत्ता सांगितली, मग गाडी आपल्या आवडत्या वळणावर नेली. ‘सरांची इच्छा होती, तत्त्वज्ञान विभागाला नवी इमारत व्हावी. मी मंत्र्यांकडे गेलो. मंत्र्यांनी पाठ थोपटली, चहा पाजला, भर सभेत आमचं नाव घेतलं. म्हटलं, झालं काम! आणि त्याच सभेत इमारत शेजारच्या तालुक्याला दिली की हो! असं निगुडलं आम्हाला, असं निगुडलं, की निगुडकर सर, तुमची माफी मागायला तोंड राहिलं नाही.’

सभागृह हसलं. सगळे मंत्र्यांना हसत होते. नाव आणि शब्द शेजारी शेजारी उभे होते आणि एवढ्या माणसांत कुणालाही त्यांचं नातं दिसलं नाही.

एकाला दिसलं. सर कोशांत आणि ग्रंथांत वावरणारे. हा शब्द त्यांनी याआधी ऐकला असेल तर तो पोराटोरांचा म्हणून सोडून दिला असेल. त्या दिवशी तो त्यांच्या नावाला लागून आला. हारामागचा त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. ओठ हलले. त्यांनी तो शब्द मनात फोडून पाहिला, हे मला माझ्या जागेवरून कळलं. मग त्यांची नजर रांगा शोधत आली आणि माझ्यावर थांबली.

मी टाळ्या वाजवत होते.

उत्तराचं भाषण त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. नंतर मांडवात चहापान होतं. सर गर्दीतून वाट काढत थेट माझ्याकडे आले.

‘पद्मजा, तो शब्द कुठून आला?’

‘कुठला, सर?’

‘तुला माहीत आहे कुठला. तो कोणत्याही कोशात नाही.’

‘बोलीतला असेल.’

‘मी याच भागात जन्मलो. माझ्या लहानपणी तो नव्हता.’ त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘तू केलंस हे.’

‘मी फक्त पेरला, सर. वाढवला लोकांनी. जोंधळ्यासारखा.’

सर एक पाऊल पुढे आले. ‘तो मागे घे.’

‘शब्द मागे कसा घेणार? भाजीवालीला सांगू की अध्यक्षांना?’

‘मी सांगेन अध्यक्षांना. जाहीर सांगेन. ही बदनामी आहे.’

‘सांगा ना. काय सांगाल? की हा शब्द माझ्या नावावरून निघालाय?’ मी कप बशीत ठेवला. ‘आज हे तीन माणसांना माहीत आहे. तुम्ही, मी आणि रुक्साना. चौथ्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.’

सरांनी मांडवाच्या खांबाला हात टेकला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शब्द शोधताना पाहिलं.

‘तुला काय पाहिजे?’ त्यांनी विचारलं.

‘एक वाक्य. त्या परीक्षेच्या दिवशी तुम्ही काय केलंत ते. माझ्या वडिलांना सांगायला मला तेव्हा शब्द नव्हता. आता आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय.’

‘आणि मग?’

‘मग मी हे नातं कधी कुणाला सांगणार नाही. रुक्सानाही नाही. आप्पांची शपथ.’

सरांची पाठ गर्दीकडे होती. त्यांच्या मागून अनघा येत होती, हातात सरांसाठी खाण्याची बशी. तिच्याबरोबर विभागातले दोन प्राध्यापक होते, आणि अध्यक्षही सरांचा निरोप घ्यायला तिकडेच वळत होते. मला ते सगळे दिसत होते. मी आवाज अगदी मऊ केला.

‘सर, तुम्ही माझे गुरू. तुमच्यासारखं स्पष्ट बोलणारं कुणी मी पाहिलं नाही. वर्गात म्हणायचात तसं म्हणा. पूर्ण वाक्य.’

त्यांनी डोळे मिटले. उभ्या आयुष्याची सवय. वाक्य घशातून निघालं ते शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असंच निघालं.

‘त्या परीक्षेच्या दिवशी मी, विश्वनाथ निगुडकर, पद्मजाला निगुडलं.’

दोघांतला तरुण प्राध्यापक पाटीवरची अक्षरं जुळवणाऱ्या पोरासारखा हळूच म्हणाला, ‘निगुडकर... निगुडलं...’ आणि त्याने तोंडावर हात दाबला. अध्यक्ष आधी चपापले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि त्यांचं ते गडगडाटी हसू सगळ्या मांडवात पसरलं. माणसं वळून विचारायला लागली, काय झालं, काय झालं. सांगणारे पुष्कळ होते.

अनघा हसली नाही. तिने बशी टेबलावर ठेवली.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘कसली परीक्षा? माझ्या नेमणुकीच्या आधीची?’

ती त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा राग कधीच नव्हता, आणि तेव्हा तिची थोडी कीवही आली. पण सरांची आली नाही. मी निरखून बघत होते, आतून काही दुखतंय का. काही दुखलं नाही. फार वर्षांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

‘चल,’ मी रुक्सानाला म्हटलं.

शपथ मी आजवर पाळली. ती मोडायची वेळच आली नाही. दिवाळीपर्यंत सगळ्या जिल्ह्याला ठाऊक झालं, की निगुडणं हा शब्द कुणावरून आला, आणि ज्याला त्याला ती गोष्ट सांगताना चव यायची. सरांनी व्याख्यानं बंद केली. अनघाने पुढे दुसऱ्या शहरात नोकरी धरली. सर कधी बाजारपेठेत समोर आले, की रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. मीही ओलांडायचे. समोर उभी राहून हात जोडायचे, आणि दुकानातल्या माणसांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, ‘नमस्कार, निगुडकर सर.’